हाताची पकड सुटू लागली तर



दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, पोरंबाळं, भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या असा सगळा संसार ट्रकमध्ये घालून ऊसतोडीला निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्राकडे, कोणी पार कर्नाटकात. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता', असा तिथला हिशेब. आज ज्या आजाराविषयी बोलायचे आहे तो काही या जिल्ह्याचा खास आजार नव्हे. तो लंडनला होतो आणि लातूरलाही होतो. पण आपल्याकडे तो पहिल्याने कसा दिसेल हे सांगायचे, तर कोयत्यापासून सुरुवात केलेली बरी.

असे समजा, की पंचेचाळिशीचा एक गडी आहे. पंधरा-वीस हंगाम त्याने फडात काढलेले. यंदा त्याच्या उजव्या हातातून कोयता निसटू लागला. आधी त्याला वाटले, घामाने. मग सदऱ्याची गुंडी लावता येईना. तंबाखू मळताना अंगठा साथ देईना. अंगठा आणि पहिले बोट यांच्यामधला मांसल उंचवटा बसून तिथे खळगा पडला. दंडाचे मांस आतून फुरफुरते, जणू कातडीखाली किडे वळवळताहेत. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पण हात दुखत नाही, बधिर नाही, मुंग्या नाहीत. बायको म्हणते, "अहो, हात असा वाळल्यावानी का दिसतोय?" मुकादम म्हणतो, "दुखत नाही, तर काम करायला झालं काय?"

मुकादमाचा प्रश्न वाटतो तितका निर्दय नाही. आपण सारेच आजार दुखण्यावरून मोजतो. आपल्या भाषेत आजाराला 'दुखणे' हाच शब्द आहे. आणि नेमका इथे तो फसवतो. शक्ती जाते आहे, मांस झडते आहे आणि दुखत मात्र नाही, हे या आजाराचे पहिले आणि महत्त्वाचे लक्षण होय.

डॉक्टर मंडळी याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. मराठीत प्रेरक चेतापेशींचा आजार म्हणता येईल. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराला ए.एल.एस. हे आद्याक्षरी नाव आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्तँ शार्को या डॉक्टरांनी १८६९ साली त्याचे स्वरूप पहिल्यांदा नीट मांडले आणि १८७४ साली त्याला नाव दिले.

शरीरात घडते काय, ते पाहू. धरणातून कालवा निघतो, कालव्यातून चारी फुटते आणि चारीचे पाणी पिकाला मिळते. तसे आपल्या मेंदूतून हुकूम घेऊन निघणारे ज्ञानतंतू मज्जारज्जूपर्यंत येतात. तिथे दुसऱ्या पेशी तो हुकूम घेतात आणि आपल्या लांब तंतूंवाटे स्नायूंपर्यंत पोहोचवतात. चारी बुजली की पीक वाळते. दुसऱ्या पेशी मरू लागल्या की स्नायू वाळतो, फुरफुरतो. वरचा कालवा बिघडला की मात्र आमचा दाखला लंगडा पडतो. तेव्हा स्नायू वाळत नाही, उलट ताठरतो, पाय काठीसारखे कडक होतात, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय नको तितका उडतो. या आजारात वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पेशी मरतात. म्हणून वाळलेल्या हातातही ती उसळी जोरदार मिळते, आणि हा विसंगत मेळ दिसला की जाणता डॉक्टर सावध होतो.

स्पर्श कळवणारे तंतू वेगळे असतात. ते बहुधा शाबूत राहतात. डोळ्यांची हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबाही बहुतेकांत शेवटपर्यंत टिकतो. काही रुग्णांच्या स्वभावात, विचारशक्तीत फरक पडतो, थोड्यांत तो ठळक असतो. पण पुष्कळांची समज पूर्ण जागी असते. हे आताच लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

सगळ्यांना सुरुवात हातापासून होत नाही. कुणाचे पाऊल लोंबते आणि चप्पल निसटते. कुणाची जीभ जड होते. बोलणे असे, की गावात म्हणतात, "दादा सकाळी सकाळीच घेऊन आलेत वाटतं." पाणी पिताना ठसका लागतो. आणखी एक गोष्ट घडते, तिने घरचे लोक फार घाबरतात: थोड्याशा कारणाने माणूस रडू लागतो किंवा हसू लागतो आणि ते त्याला थांबवता येत नाही. हे वेड नव्हे, बाहेरचेही काही नव्हे. हसण्या-रडण्यावरचा मेंदूचा लगाम सुटलेला असतो, इतकेच. त्यावर औषधही आहे.

आपल्याकडे अशा माणसाला पाहून पहिला शेरा येतो तो "वारं गेलं" असा. पण वारं जाते ते मिनिटांत, तासांत. रात्री धड निजलेला माणूस सकाळी लुळा उठतो. हा आजार महिन्या-महिन्याने सरकतो, एका हातातून दुसऱ्या हातात, हातातून पायात. सुरुवातीची तारीख कुणाला नेमकी सांगता येत नाही. हा फरक घरच्या माणसालाच सांगता येतो. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना तो सांगायला विसरू नका.

एवढे ऐकून कुणी लगेच आपला दंड तपासायला घेईल, म्हणून थोडे थांबतो. नुसते मांस फुरफुरणे हा आजार नव्हे. डोळा लवतो, बाहू स्फुरतो. त्यावरून आपल्या आज्या शुभाशुभ ठरवत आल्या. दमलेल्या, जागरण केलेल्या, चहा फार पिणाऱ्या धडधाकट माणसाचेही मांस फुरफुरते. शक्ती कमी नसेल, मांस झडत नसेल, तर चिंता नको. आणि कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे अंग एकाएकी फुरफुरू लागले, लाळ गळू लागली, तर ते औषध अंगात भिनल्याचे लक्षण. त्याला त्याच क्षणी दवाखान्यात न्यायला हवे. तो प्रकारच निराळा.

हा आजार किती जणांना होतो? पाश्चात्त्य देशांत दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे दोन नवे रुग्ण आढळतात. आशियात प्रमाण त्याहून कमी दिसते. निम्मे धरले, तरी २०११ च्या जनगणनेत २५ लाखांवर असलेल्या बीड जिल्ह्यात वर्षाला वीस-पंचवीस घरांत हा आजार शिरत असेल, असा नुसता हिशेब सांगतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तीस वर्षांत पाहिलेल्या १,१५३ रुग्णांचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आजार सुरू होण्याचे सरासरी वय ४६ होते. पाश्चात्त्य देशांत ते साठीच्या आसपास असते. म्हणजे आपल्याकडे तो कर्त्या वयातच माणसाला गाठतो. तो संसर्गजन्य नाही. ताट वेगळे करायची गरज नाही. दहातल्या नऊ रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी कुणाला झालेला नसतो.

आता निदानाकडे वळतो, कारण घरे बुडतात ती इथे. जगभर या आजाराचे नाव ठरायला सरासरीने वर्षभर लागते. इतका वेळ लागतो, कारण ए.एल.एस. आहे असे खात्रीने सांगणारी एकच एक तपासणी नाही. डॉक्टर दुसरे आजार एकेक करून वगळतात आणि हातात उरेल ते पाहतात.

आपल्या भागात यातला सगळ्यांत मोठा चकवा मानेत असतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचे, असे वर्षानुवर्षे केलेल्या माणसाच्या मानेचे मणके झिजलेले असायचेच. झिजलेला मणका किंवा सरकलेली चकती मज्जारज्जूवर दाब देते. मग हात वाळतो, पाय ताठतात, गुडघ्याची उसळी वाढते. वर सांगितलेले चित्रच जणू! या चकव्यात माणूस दोन्ही बाजूंनी फसतो. मानेचाच आजार असलेल्या माणसाला "हा न बरा होणारा आजार" म्हणून घरी पाठवले, तर वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती आणि पाय वाचले असते, तो माणूस अंथरुणाला खिळतो. उलट, मोटर न्यूरॉनचा आजार असलेल्याच्या मानेचे एम.आर.आय. काढले, त्यात झीज दिसली (पन्नाशीच्या कष्टकऱ्याच्या मानेत ती दिसणारच), की शस्त्रक्रिया होते, लाखभर रुपये जातात, आणि हात पहिल्यासारखाच वाळत राहतो. कागदावरची झीज आणि अंगातला आजार एकच आहेत का, हा प्रश्न शस्त्रक्रियेला हो म्हणण्याआधी विचारलाच पाहिजे.

तो ओळखायचा कसा? मानेच्या आजारात बहुधा मान किंवा खांदा दुखतो, बोटे बधिर होतात, पुढे लघवीचा ताबा जातो. आणि दुसरी खूण जिभेची. मानेच्या मणक्यांचा जिभेशी संबंध नाही. जीभ तोंडात स्वस्थ असताना तिच्यावर सुरकुत्या आणि फुरफुर दिसली, बोलणे बोबडे झाले, तर आजार मानेच्या वर पोहोचला आहे. त्याचा दोष मणक्यावर टाकता येणार नाही. "जीभ पाहिलीत का, डॉक्टरसाहेब?" असे विचारायला संकोच करू नका.

बाकीचे चकवे थोडक्यात सांगतो. कुष्ठरोगात हात असाच वाळतो आणि करंगळी वाकते, पण तिथे करंगळीकडची बाजू बधिर असते आणि कोपराच्या आतली शीर दोरीसारखी जाड हाताला लागते. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि आजार बरा होतो. सोळा ते बावीस वर्षांच्या मुलाचा एकच हात वाळू लागला, थंडीत बोटे जास्त दुबळी झाली, तर बहुधा तो हिरायामा नावाचा आजार असतो. जपानमधल्या केइझो हिरायामांनी १९५९ साली तो वर्णिला. मान पुढे वाकवताना मज्जारज्जूवर येणारा ताण हे त्याचे कारण मानतात; मानेला पट्टा बांधून ताण कमी करतात आणि काही वर्षांत तो बहुतेक थांबतो. त्या पोराला ए.एल.एस. सांगितले, तर त्याचे लग्न, शिक्षण, सारेच बुडाले! हातांच्या नसांचा आणखी एक आजार असा आहे, की तो शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनने सुधारतो. लाखोळीची डाळ फार दिवस मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पाय ताठतात, ते विदर्भात पूर्वी पुष्कळ पाहिले गेले. थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्व, साखर हे तर रक्तावरूनच कळते.

तेव्हा तपासण्या होतात त्या अशा: रक्त, मेंदूचे आणि मानेचे एम.आर.आय., आणि नसांची व स्नायूंची विद्युत् तपासणी. या शेवटच्या तपासणीत बारीक सुई स्नायूत घालून त्याची वीज पाहतात. ती वाळलेल्या हातापुरती करून भागत नाही. पाय, पाठ, जमल्यास जीभ, अशा निरनिराळ्या भागांत करावी लागते, कारण न वाळलेल्या स्नायूतही आजार शिरला आहे का, हेच पाहायचे असते. जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७४ सालापासूनचे. सुरुवात तिथल्या औषधवैद्यक विभागात करावी आणि मेंदूविकारतज्ज्ञासाठी त्यांची चिठ्ठी घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, नाहीतर पुण्या-मुंबईला जावे. सगळे कागद एका पिशवीत, तारखेच्या क्रमाने ठेवा. दर ठिकाणी तपासण्या पहिल्यापासून होतात, त्यात निम्मा पैसा जातो.

आणि नाव ठरले, तर? आजार बरा करणारे औषध अद्याप नाही, हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही. रिलुझोल नावाची गोळी १९९५ पासून वापरात आहे. ती सरासरीने दोन-तीन महिने आयुष्य वाढवते आणि ती घेताना यकृतासाठी रक्त तपासावे लागते. एडाराव्होन हे शिरेतून द्यायचे औषध जपानने २०१५ साली मान्य केले; त्याचा गुण मर्यादित आहे. एका विशिष्ट जनुकाच्या दोषामुळे होणाऱ्या प्रकारावर, म्हणजे शंभरातल्या एखाद-दोघांवर, २०२३ साली अमेरिकेत टोफर्सेन नावाचे औषध मान्य झाले. मूळपेशींची, म्हणजे स्टेम सेलची इंजेक्शने लाखो रुपयांना विकणारे भेटतात. या आजारात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यासाठी रान विकू नका.

तरीही "आता काही करता येत नाही" हे वाक्य चूक आहे. आयुष्याची लांबी आणि त्यातला त्रास, दोन्ही घरच्या शुश्रूषेवर पुष्कळ अवलंबून असतात.

आधी जेवण. वजन घटणे या आजारात वाईट, म्हणून दर महिन्याला वजन लिहून ठेवा. गिळायला त्रास होऊ लागला, की सर्वांत अवघड पदार्थ कोरडे आणि पातळ: चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे एकीकडे आणि साधे पाणी दुसरीकडे. भाकरी चांगली भिजवून, कुस्करून, एकजीव करून, वर तूप घालून द्यावी. दाटसर आंबील, खीर, मऊ खिचडी चालते. माणसाला ताठ बसवून, हनुवटी थोडी छातीकडे झुकवून, लहान घास द्यावा. जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नये. जेवताना त्याला बोलायला लावू नये. पुढे पोटातून नळी घालता येते, तिच्यातून पातळ अन्न देतात. लोकांना वाटते, नळी म्हणजे शेवट. तसे नाही. उलट ती श्वास बरा असतानाच घालावी लागते. फार उशीर केला, तर घालणेच धोक्याचे होते.

मग श्वास. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग, रात्री सारखी जाग, उताणे निजता न येणे, खोकल्यात जोर नसणे; ही श्वासाचे स्नायू थकल्याची चिन्हे. अशा वेळी रात्री नाकावर मुखवटा लावून हवा आत ढकलणारे बायपॅप यंत्र वापरतात. इंग्लंडमधल्या अभ्यासात, २००६ साली असे दिसले, की ज्यांचे गिळण्या-बोलण्याचे स्नायू फार बिघडलेले नाहीत, त्यांचे आयुष्य यंत्राने साधारण सात महिन्यांनी वाढले आणि झोप सुधारली. कोणत्याही गोळीपेक्षा हे जास्त झाले. गावात वीज जाते, म्हणून यंत्राबरोबर बॅटरीची सोय आधी करावी. आणि एक सावधगिरी: दम लागतो म्हणून आपल्या मनाने नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर लावू नका. इथे उणीव हवा आत-बाहेर करण्याच्या शक्तीची आहे. नुसत्या ऑक्सिजनने अंगातला कार्बन डायऑक्साइड वाढून माणूस गुंगीत जाऊ शकतो.

हातापायांना जोरजोराने व्यायाम देऊन गेलेली शक्ती परत येत नाही, उलट माणूस दमतो. सांधे आखडू नयेत म्हणून रोज हळुवार हालवावेत. उठवताना दुबळा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. काखेखाली आणि कमरेला धरून उठवावे. गोळे, ताठरपणा, लाळ, या प्रत्येकावर औषधे आहेत, ती मागून घ्या.

आता जो विषय मला सर्वांत जवळचा वाटतो, तो बोलण्याचा. जीभ गेली, हात गेले, आणि समज मात्र जागी. खोलीत चार माणसे त्याच्याविषयी बोलतात, त्याच्याशी कोणी बोलत नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी या आजाराचे निदान झाले. १९८५ साली त्यांचा आवाज कायमचा गेला. पुढे गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर यंत्र चालवून ते बोलत आणि लिहीत राहिले, २०१८ पर्यंत. त्यांचे आयुष्यमान अपवादात्मक होते, ते माप लावून आशा धरू नये. बहुतेकांना सुरुवातीपासून तीन ते पाच वर्षे मिळतात, थोड्यांना दहाहून अधिक. पण डोळे आणि एक पापणी हलते आहे तोवर बोलता येते, हे मात्र सर्वांना लागू आहे.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आपली वर्णमाला मुळातच ओळींत मांडलेली आहे. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहा: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, सहाव्या ओळीत य र ल व आणि उरलेली अक्षरे. विचारणाऱ्याने ओळीवर बोट ठेवावे, "पहिली? दुसरी?" योग्य ओळ आली की रुग्णाने डोळे वर न्यावेत. मग त्या ओळीतले अक्षर तसेच. पाचवी ओळ, पहिले अक्षर, प. तिसरी ओळ, पाचवे अक्षर, ण. झाले, पाणी हवे आहे. काना-मात्रा घरच्यांना आपोआप कळतात. वरच्या बाजूला नेहमीची वाक्ये लिहून ठेवा: कूस बदला, कफ काढा, उजेड कमी करा, माणसं नकोत. पाटी बोलणे चालू असतानाच करावी आणि तेव्हाच सवय लावावी. शाळेत जाणारी पोरे हे सर्वांत लवकर शिकतात.

पैशाचे काय? कोयत्यातला एक गेला की उचल दोघांच्या नावावर राहते आणि दुसऱ्या कोयत्याला, म्हणजे बायकोला, घर सोडता येत नाही. म्हणून अपंगत्वाचे प्रमाणपत्र लवकर काढा. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल, तर सवलतींचा दरवाजा उघडतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करतात. आजार वाढता आहे, तेव्हा टक्केवारी पुन्हा तपासून घेता येते. मुकादमालाही डॉक्टरांचा कागद दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा कागदाचा उपयोग जास्त होतो.

एक बोलणे मात्र घरातच व्हायचे आहे. श्वास अगदीच थकला, तर घशाला छिद्र पाडून कायमचे यंत्र लावायचे की नाही? हा निर्णय मध्यरात्री, धावपळीत, भावकीने घ्यावा लागतो, आणि मग पुढे कित्येक वर्षे कुणी कुणाला क्षमा करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे होतात. हो असो की नाही असो, त्याला स्वतःला विचारा, सही करता येते आहे तोवर. सही करण्याइतका हात राहिला नसेल, तर अंगठा चालतो. अंगठाही उचलता येत नसेल, तर त्याचे म्हणणे त्या पुठ्ठ्यावरून, साक्षीदारांसमोर, एकेक अक्षर करून लिहून घ्यावे. वेळ लागतो. संध्याकाळी जेवणे झाल्यावर, दिवा जवळ घेऊन बसावे.